सोंग आणि दुखणं

बैलबाजारात फसवाफसवी एकाच दिशेनं चालते. विकणारा दुखणं लपवतो. बैल लंगडत असेल तर तो मऊ मातीत उभा करायचा, खांदा आला असेल तर वरनं झूल टाकायची, म्हातारा असेल तर शिंगं घासून रंगवायची. घेणाराही काही दूधखुळा नसतो. तो बैलाला कडक जमिनीवर चालवतो, डाव्या-उजव्या अंगाला वळवून बघतो, खूर दाबतो, दात मोजतो. या सगळ्या खटपटीत खोटं बोलत असतो तो मालक. बैल बिचारा खरंच सांगत असतो. खूर दाबला की पाय मागं घेतो.

माणसाच्या बाबतीत गोष्ट उलटी होते. नोकरीत अपघात झाला, विम्याचा दावा केला, अपंगत्वाचा दाखला हवा असला की माणूस आपलं दुखणं दाखवायला उभा राहतो. आणि समोरचा ते खरं आहे का, जास्तीचं आहे का, की मुळातच नाही, हे तपासायला बसतो. इथं मालकही तोच आणि बैलही तोच. म्हणून घोळ होतो.

गेली पंचवीसेक वर्षं एक प्रश्न माझ्या डोक्यात घोळतोय. दुसऱ्याचं दुखणं खरं की सोंग हे बाहेरून ठरवता येतं का? आणि ठरवताना चूक होणारच असेल, तर ती कोणत्या बाजूला झालेली बरी? मी काही डॉक्टर नाही, वकील नाही. दहावीपर्यंत शिकलेला शेतकरी आहे. पण हा प्रश्न आमच्या घरात येऊन बसला होता, म्हणून त्याच्याशी बरीच ओळख झाली.

कायदा आधी सांगतो. कामगाराला कामावर इजा झाली तर भरपाई द्यायचा कायदा इंग्रजांच्या काळात, १९२३ साली झाला. २०२५ पर्यंत तोच चालला, फक्त २०१० पासून नाव बदललं. त्याला एक तक्ता जोडलेला होता. अंगठा गेला तर कमाईची ताकद ३० टक्के गेली असं धरायचं, अंगठ्याशेजारचं बोट सगळं गेलं तर १४ टक्के, एका हाताची चारही बोटं गेली तर ५० टक्के. वाचताना अंगावर काटा येतो, खाटकाच्या दुकानातला भावफलक वाचल्यासारखं वाटतं. पण त्यात एक सोय होती. बोट आहे किंवा नाही. त्यात वाद नाही.

वाद होतो तो तक्त्यात न बसणाऱ्या दुखण्याचा. पाठ, मान, डोकं, चक्कर, मुंग्या. तिथं किती टक्के ते डॉक्टरनं सांगायचं असतं. याच कायद्यात असंही लिहिलं होतं, की कामगारानं अपघाताची खबर दिली की मालकानं तीन दिवसांच्या आत त्याची फुकट तपासणी करून द्यायची तयारी दाखवायची. आणि कामगारानं त्या डॉक्टरकडं जायला नकार दिला तर भरपाईचा हक्क तेवढा काळ थांबायचा. वाचायला बरोबर वाटतं. पैसे देणाऱ्यानं खातरजमा करू नये असं कोण म्हणेल? पण एक गोष्ट ध्यानात घ्या. हा डॉक्टर उपचार करायला बसलेला नसतो. तो दुखणाऱ्या माणसाचा डॉक्टरच नसतो. तो नाडी बघतो, पण औषध देत नाही. विचारतो पुष्कळ, सांगत काही नाही. आणि अहवाल लिहून पाठवतो तो भलत्याच पत्त्यावर. आयुष्यभर ज्यानं डॉक्टर म्हणजे देवमाणूस असं मानलं, त्याला हा फरक कुणी समजावून सांगत नाही.

माझ्या थोरल्या चुलत्यांचा मुलगा, त्याला सगळं गाव अण्णा म्हणतं, एका साखर कारखान्यात गव्हाणीवर कामाला होता. १९९८ च्या हंगामात तो लोखंडी जिन्यावरून पाठीवर पडला. हाड मोडलं नाही. रक्त आलं नाही. एक्स-रे साफ निघाला. आणि तिथंच त्याचं नशीब फुटलं म्हणायचं. कारण हात तुटला असता तर त्याला कुणी काही विचारलं नसतं. त्याला उठता येईना, बसता येईना, डाव्या पायात रात्रभर वीज सळसळल्यागत व्हायचं. पण दाखवायला काय? साफ एक्स-रे.

तीन महिन्यांनी त्याला तपासणीचं बोलावणं आलं. जायच्या आधी चहाच्या टपरीवर एका अनुभवी माणसानं कानमंत्र दिला, "हे बघ अण्णा, डाक्टरसमोर मुकाट्यानं बसलास तर हातात धुपाटणं येईल. जरा वरडायचं. रडल्याशिवाय आई पण दूध पाजत न्हाई." अण्णा मुळात अबोल. नांगराचा फाळ पायावर पडला तरी 'आई गं' न म्हणणारा. पण कोर्टकचेरीला घाबरलेला माणूस कुणाचंही ऐकतो.

मी सोबत गेलो होतो, बाहेर बाकड्यावर बसलो होतो. आत काय झालं ते पुढं अहवालात आलं. डॉक्टरनं पाठीची नुसती कातडी चिमटीत धरली, अण्णा ओरडला. डोक्यावर वरून हलका दाब दिला, कमरेत कळ आली म्हणाला. पलंगावर उताणं निजवून पाय वर घेतला, वीतभर उचलला नाही तोच किंचाळला. मग डॉक्टरनं त्याला पलंगाच्या कडेला बसवलं आणि सहज म्हणाले, "पाऊल बघू." अण्णानं पाय गुडघ्यातून सरळ समोर केला. काही न बोलता. निजून जो पाय वीतभर उचलत नव्हता तो बसून सरळ झाला. कमरेच्या दृष्टीनं दोन्ही गोष्टी जवळजवळ एकच. अहवालात लिहिलं, लक्षणं एकमेकांशी जुळत नाहीत, रुग्ण वाढवून सांगतो.

आता बघा, अहवाल खोटा नव्हता. अण्णानं वाढवून सांगितलंच होतं. पण त्या कागदाचा गावात, कारखान्यात, नातेवाइकांत जो अर्थ लावला गेला तो असा, की अण्णाला काही झालेलंच नाही. 'वाढवून सांगतो' आणि 'काहीच नाही' यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पाच पोती ज्वारी झालेल्यानं सात सांगितली म्हणून त्याच्या घरात दाणाच नाही असं होत नाही. पाच तर आहेत! पण एकदा का माणूस सातला पकडला गेला, की त्याची पाचही जातात.

पुढं बऱ्याच वर्षांनी आमच्या शिवेला एका निवृत्त हाडांच्या डॉक्टरांनी शेत घेतलं. त्यांना उसाचं विचारायचं असतं, मला दुखण्याचं. बांधावर बसून आमची देवाणघेवाण चालते. त्यांनी मला सांगितलं, की कातडी चिमटणं, डोकं दाबणं, निजून आणि बसून पाय उचलून बघणं या खुणा वॉडेल नावाच्या स्कॉटलंडच्या सर्जननं १९८० साली एकत्र मांडल्या. कशासाठी? तर पाठदुखीच्या कोणत्या रोग्याला नुसत्या ऑपरेशननं बरं वाटणार नाही, कुणाच्या दुखण्यात भीती, काळजी, मनाचा ताण मिसळलाय, हे ओळखायला. खोटं पकडायला नव्हे. स्वतः वॉडेलनंही पुढं तसं बजावून सांगितलं. पण विम्याच्या कामात त्या खुणा चोर पकडायच्या सापळ्यासारख्या वापरल्या गेल्या. खुरपं देवानं तण काढायला दिलं, कुणी त्यानं डोकं फोडलं तर खुरप्याचा काय दोष?

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती मला फार आवडली. १९०८ साली अमेरिकेत हूव्हर नावाच्या डॉक्टरनं एक युक्ती लिहून ठेवली. एक पाय लुळा पडलाय म्हणणाऱ्या माणसाला उताणं निजवायचं आणि लुळा पाय उचलायला सांगायचं. त्याच वेळी आपला तळहात त्याच्या चांगल्या पायाच्या टाचेखाली ठेवायचा. माणूस खरंच जोर लावत असेल तर चांगली टाच आपोआप खाली दाबली जाते. उठताना आपण हात टेकतो तसं. दाब आलाच नाही तर प्रयत्नच होत नाही. पूर्वी याचा अर्थ सोंग असा घ्यायचे. आता कळलंय की काही माणसांचा पाय मज्जातंतू शाबूत असूनही खरोखरच त्यांचं ऐकत नाही. ती खोटं बोलत नसतात. आता ही युक्ती उलट बाजूनं करतात, हात लुळ्या पायाच्या टाचेखाली ठेवून चांगला पाय उचलायला सांगतात. लुळी टाच आपोआप दाबली जाते. मग समजूतदार डॉक्टर त्या माणसालाच ते दाखवतात आणि म्हणतात, "बघा, तुमच्या पायात ताकद आहे, वाट तेवढी चुकलीय, ती परत शोधू." एकच युक्ती. एकाच्या हातात ती आरोप होते आणि दुसऱ्याच्या हातात औषध.

म्हणजे सोंग ओळखताच येत नाही असं नाही. चांगले डॉक्टर शेतकऱ्यासारखंच बघतात. सहा महिने हातानं काम केलं नाही म्हणणाऱ्याच्या तळव्यावर ताजे घट्टे आहेत का? जो पाय वापरला जात नाही तो बारीक व्हायला पाहिजे, मग टेप लावून दोन्ही मांड्या मोजायच्या. लंगडणाऱ्याची चप्पल एका अंगानं जास्त झिजलेली असते. बहिरेपणाच्या बाबतीत तर आता मशिनच आलंय. डोक्याला तारा लावतात, कानात आवाज सोडतात, आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते कागदावर उमटतं. माणसाला काही उत्तर द्यावंच लागत नाही.

आमच्या भागात अशा मशिनपुढं एक गृहस्थ उघडे पडले. बहिरेपणाचा दाखला त्यांनी कुठूनसा पैदा केला होता. गावात म्हणायचे, सोसायटीचा वसुलीवाला आला की याला ऐकू येत नाही, आणि तीन घरं सोडून कोंबडं शिजलं तर झाकणाचा आवाज येतो. हसण्यावारी न्यायची गोष्ट, पण परिणाम वाईट झाला. एसटीचं तिकीट दिव्यांगांना पाऊणपट माफ, नोकरीत जागा, बदलीत सवलत. ही सगळी समाजानं पोटाला चिमटा काढून ठेवलेली ठेव आहे. २०१६ च्या कायद्यानं अपंगत्वाचे २१ प्रकार धरलेत आणि ४० टक्के किंवा त्याच्या वर असेल त्याला खास सवलती दिल्यात. खोटेपणानं लाभ घेणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, असंही त्यातच आहे. तरी खोटे दाखले निघतात, मग फेरतपासण्या लागतात. त्या फेरतपासणीत त्या गृहस्थाचे हेलपाटे झालेच. पण त्याच गावात एक जन्मापासून मुका-बहिरा पोरगा आहे, त्याच्या आईला मजुरी बुडवून जिल्ह्याला तीन खेपा घालाव्या लागल्या. खोट्यानं सरकारचे पैसे खाल्ले असं आपण म्हणतो. त्यानं खरं खाल्लं ते त्या बाईवरचा विश्वास. सुक्याबरोबर ओलंही जळतं, ते असं.

म्हणून सोंग घेणाऱ्याला मी गरीब बिचारा म्हणून सोडून द्या असं म्हणणार नाही. पण एवढं नक्की सांगेन, की उभ्या जन्मात मी गावात दुखण्याचं सोंग घेणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी पाहिली आणि दुखत नसल्याचं सोंग घेणारी घरोघर पाहिली. ऊसतोडीची टोळी बघा. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यातलं एक आजारी पडलं तर खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीतून कापले जातात. ती बाई तापानं फणफणत मोळी डोक्यावर घेते आणि विचारलं तर म्हणते, "काय न्हाई, जरा कणकण हाय." सैन्यात भरती व्हायला जाणारी पोरं सपाट तळवे लपवतात. म्हातारी माणसं पोराला खर्च नको म्हणून छातीतली कळ लपवतात. आणि एखादी सून दोन दिवस डोकं धरून बसली तर तिलाच सोंगाडी म्हणायची आपली रीत. म्हणजे जिथं दुखणं लपवण्याचा रिवाज आहे, तिथंच आपण दुखणं सांगणाऱ्याकडं संशयानं बघतो. त्याचं बोलणं नेहमीपेक्षा वेगळं वाटतं, कारण त्याला दुखणं सांगायची सवयच नसते. कधी न रडलेला माणूस रडायला लागला की ते नाटकी दिसतं.

दवाखान्यात आता विचारतात, दहापैकी किती दुखतंय? आमच्या शेजारच्या एका म्हातारीनं नर्सबाईला सांगितलं होतं, "दहातलं मला कळत न्हाई बाई. रुपयातलं इचार. बारा आणं दुखतंय." मला तिचं उत्तर पटलं. दुखणं मोजायला तराजू नाही. प्रत्येकजण आपल्या नाण्यात मोजतो. ऐकणाऱ्यानं ते नाणं ओळखायला पाहिजे.

अण्णाच्या गोष्टीतला सगळ्यात जड भाग अजून सांगितला नाही. अपघातानंतर सात-आठ महिन्यांनी आमची चुलती, म्हणजे अण्णाची आई गेली. भावाच्या हातात मडकं होतं. अण्णानं तिरडीला खांदा दिला. घरापासून विसाव्यापर्यंत. विसाव्याला तिरडी खाली टेकली तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता, मग दुसऱ्यानं खांदा घेतला. त्यानंतर दोन आठवडे तो घोंगड्यावर पडून होता, कूस बदलायला माणूस लागायचा. पण ते बघायला कोण होतं? खांदा दिलेला मात्र सगळ्या गावानं पाहिला होता. कामगार कोर्टात समोरच्या वकिलानं विचारलं, "आईच्या तिरडीला खांदा दिला की नाही?"

"दिला."

"म्हणजे वजन उचलता येतं."

अण्णा गप्प बसला. मी मागच्या बाकावर होतो. माझ्या मनात आलं, आता हा माणूस काय सांगणार? पाठ दुखत होती म्हणून आईला खांदा द्यायला नको होता? तो दिला नसता तर गाव म्हणालं असतं, बघा, पैशासाठी आईलासुद्धा खांदा दिला नाही. दिला, तर कोर्ट म्हणतं पाठ ठणठणीत आहे.

यावर मी खूप विचार केलाय. माणूस एखादी गोष्ट एकदा करू शकतो, याचा अर्थ तो ती रोज आठ तास करू शकतो असा होत नाही. पोळ्याच्या दिवशी थकलेला बैलही मिरवणुकीत मान ताठ करून चालतो. त्याला दुसऱ्या दिवशी औताला जुंपून बघा. तपासणारे, पाळत ठेवणारे, शेजारपाजारचे, सगळ्यांना दिसतो तो मिरवणुकीचा क्षण. त्याची किंमत रात्री अंथरुणावर चुकती होते. म्हणून एका फोटोवरून, एका साक्षीवरून माणसाला लबाड ठरवणं हा मला अन्याय वाटतो. साक्ष खरी असली तरीसुद्धा.

मग चूक कोणत्या बाजूला व्हावी? काही शहाणे लोक म्हणतात, शंभर खोटे सुटले तरी चालतील पण एक खरा अडकू नये. बोलायला छान आहे. पण पैसे कुणाच्या तरी खिशातून जातात, आणि खोटे फार सुटले की शेवटी खऱ्यालाही कुणी दारात उभं करत नाही. मला आमच्या खुरपणीचा नियम जास्त बरा वाटतो. पहिल्या खुरपणीला पीक आणि तण दोन्ही बोटभर असतात, पुष्कळदा सारखीच दिसतात. जाणती बाई काय करते? स्पष्ट तण असेल ते उपटते. शंका असेल ते ठेवते. आळस म्हणून नव्हे, तर पंधरा दिवसांनी तिला परत त्याच ओळीतून जायचं असतं. तोवर पीक पीक दिसायला लागतं आणि तण तण. उपटलेलं रोप परत लावता येत नाही. ठेवलेलं तण दुसऱ्या वेळी काढता येतं. जी चूक दुरुस्त होऊ शकते ती आधी करावी, एवढंच ते शहाणपण आहे. तपासणीच्या बाबतीत याचा अर्थ असा, की संशयावरून दार बंद करू नये. काही काळापुरती मदत द्यावी, सहा महिन्यांनी परत बोलवावं, परत मोजावं. सोंग फार दिवस टिकवणं मोठं कष्टाचं काम असतं. दुखण्याला टिकायला कष्ट पडत नाहीत.

अण्णाच्या प्रकरणात शेवटी कोर्टानं त्याला सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरकडं पाठवलं. तोवर दोन वर्षं होऊन गेली होती. त्या डॉक्टरांनी आधी खुर्ची दिली. म्हणाले, "मी तुमच्यावर उपचार करणार नाही. मला फक्त कोर्टाला लिहून द्यायचंय. काही दुखलं तर सांगा, मी तिथंच थांबेन." एवढं एक वाक्य. अण्णा यावेळी ओरडला नाही. त्यांनी मांड्या टेपनं मोजल्या, डावी पाऊण इंचानं बारीक निघाली. ती काही ओरडून बारीक करता येत नाही. पंधरा टक्के धरले गेले. मागितले होते त्यापेक्षा पुष्कळ कमी, पण अण्णा भांडला नाही. पैशाचं दुःख त्याला नव्हतंच फारसं. कागदावर एकदा 'इजा आहे' असं आलं, ते त्यानं मला दोनदा वाचायला लावलं.

दोन्ही डॉक्टर शिकलेले, दोघांनी बघितला तो माणूस एकच. पहिल्याला सोंग दिसलं ते खोटं नव्हतं, दुसऱ्याला इजा दिसली तीही खोटी नव्हती. फरक एवढाच, की पहिल्यापुढं अण्णा स्वतःला सिद्ध करायला गेला होता आणि दुसऱ्यापुढं त्याला नुसतं सांगायला मिळालं. संशय घ्यावा, पण तो दाव्याचा घ्यावा. समोर बसलेल्या माणसाची इज्जत दावा निकालात निघेपर्यंत त्याच्याजवळच राहू द्यावी. आणि तपासणाऱ्यानं आपण कुणाचा पगार घेतो हे पहिल्या मिनिटाला सांगावं. त्यानं काही बिघडत नाही, उलट खरं बाहेर यायला मदत होते.

आता गावातलं कुणी अशा तपासणीला निघालं की माझ्याकडं येतं. शेतकरी अपघाताच्या योजनेत एक डोळा किंवा एक हात-पाय गेला तर लाख मिळतात, त्याच्या कागदांसाठी येतात, दिव्यांगाच्या दाखल्यासाठी येतात. मी एकच सांगतो. 'लई दुखतंय' म्हणू नका. भरलेली घागर उचलत नाही, अर्धी उचलते, असं सांगा. सायकलवर बसता येतं पण उतरता येत नाही, असं सांगा. किती वेळ बसलं की उठावं लागतं ते घड्याळ लावून बघून जा. आणि बरे दिवस असतील तर तेही सांगा. महिन्यातले चार दिवस बरं असतं, खळं झाडता येतं, हे लपवू नका. ऐकून बहुतेकजण दचकतात. म्हणतात, "तात्या, बरे दिवस सांगितले तर आपलं काम होईल का?" मी सांगतो, होईल की नाही ते मला ठाऊक नाही, पण तुमचं दुखणं तेवढंच आहे, त्यात बरे दिवसही आलेच.